सासूबाईंचा नवउद्योग

"उद्या तपासणीला येतोय. उद्योजक दिसले नाहीत, तर केंद्राला कुलूप!" एवढं बोलून राजधानीतल्या साहेबांनी फोन ठेवला, आणि व्यवस्थापकांनी तडक घर गाठलं.

नवउद्योग केंद्र सुरू झाल्यापासून तिथं एकही उद्योजक फिरकला नव्हता. राजधानीतल्या केंद्राची हुबेहूब नक्कल म्हणून इथंही काचेच्या भिंती, कॉफीचं यंत्र आणि बसलं की माणूस गडप होईल अशा रंगीत, पिशवीसारख्या गाद्या आल्या होत्या. गावातले वेल्डर येऊन विचारत, "इथं काम करता येईल का?" पण नियमात आवाजाला बंदी. ते आल्या पावली परत जात.

"माझ्या आईला बसवा की उद्योजिका म्हणून," बायकोनं सुचवलं. "नाहीतरी घरात माझ्या डोक्यावर मिरे वाटत असते."

दुसऱ्या दिवशी सासूबाई मांडीवर लॅपटॉप घेऊन लाल गादीत बसल्या. बसल्या कसल्या, बुडाल्या. वर फक्त चष्मा आणि चपला उरल्या.

साहेब आले. "काय उद्योग करता, मावशी?"

"सांगते. आधी उठवा मला."

साहेबांनी अदबीनं हात दिला. सासूबाईंनी तो असा हिसडला, की साहेबच शेजारच्या निळ्या गादीत उताणे! व्यवस्थापक धावले, कॉफीच्या यंत्राच्या वायरीत अडकले आणि पिवळ्या गादीत कोसळले.

तिघंही छताकडे बघत पडून राहिले.

"जावईबापू, साधं माणसाला उठवता येईना तुम्हाला?" सासूबाई कडाडल्या.

"जावईबापू?" निळ्या गादीतून आवाज आला.

व्यवस्थापकांनी पडल्यापडल्याच हात जोडले. "चुकलो, साहेब. इथं कुणीच येत नाही. वेल्डर येतात, पण आवाज चालत नाही म्हणून परत जातात."

साहेब उठायची धडपड करून पुन्हा गादीत रुतले. मग म्हणाले, "मग होऊ दे आवाज. मागं पत्र्याची शेड घाला. नियमांचं मी बघतो."

व्यवस्थापकांच्या जिवात जीव आला. "तुमच्या राजधानीत मात्र रोज गर्दी असते म्हणे?"

"असते. थंडगार हवा, फुकट कॉफी. पोरं झोपायला येतात." साहेब कसेबसे कुशीवर वळले आणि त्यांनी आवाज खाली आणला. "परवा मंत्री येताहेत हो बघायला. मावशी, तेवढ्यापुरतं आमच्याकडे याल का?"

"येईन की," सासूबाई चष्मा सावरत म्हणाल्या. "फक्त तिथं कुणाला जावई म्हणायचं नाही, ते आधी सांगून ठेवा."