माशीमार औषध

"रखमे, बाहेर ये. मेल्या बघ."

रखमाबाई हातातली भाकरी भाजून झाल्यावरच बाहेर आली. मागच्या ताडाखाली ठेवलेल्या परातीत माश्यांचा थर तरंगत होता. मधोमध एक गांधीलमाशी उताणी पडली होती. खंडेराव छाती फुगवून उभा होता.

तारापूरला वीजघराचं बांधकाम सुरू झाल्यापासून खंडेराव एका कंत्राटदाराकडे रोजंदारीवर होता आणि बेटेगावात खोली घेऊन राहत होता. कामगारांच्या छावणीत माश्या फार झाल्या, तेव्हा कंत्राटदाराच्या साहेबाने जाहीर केलं की जो माश्या मारून दाखवील त्याला सफाईचा मुकादम करू. नोकरी कायमची. खंडेरावाने कडुनिंबाचा पाला, मिरची आणि गूळ उकळून औषध केलं. गूळ खाऊन माश्या आणखी तरतरीत झाल्या. शेवटी वैतागून त्याने औषधाची परात ताडाखाली ढकलून दिली होती.

ताडावर ताडी काढणाऱ्या देवूची मडकी बांधलेली होती. तो खाली उतरला आणि परातीत बघून म्हणाला, "भाऊ, मडकं भरून सांडलं वाटतं. ताडीत बुडाल्यात माश्या."

"औषध आहे ते. तुला काय कळतंय त्यातलं?"

"अहो, वास तरी घ्या," रखमाबाई म्हणाली.

"तू शास्त्रात नाक खुपसू नको."

किडे असे मरतच असतात. रुईच्या फुलात पाय अडकून माशी लटकते, शेवग्याच्या डिंकात पंख चिकटून पाखरू मरतं, ताडीत तर रोजच कोणीतरी बुडतं. त्या मरणाचं श्रेय आजवर कोणी घेतलं नव्हतं. खंडेरावाने घेतलं.

साहेब दुपारी येणार होता. तोवर मुंग्या मढी ओढून नेतील म्हणून खंडेरावाने माश्या गाळून सुपात पसरल्या आणि त्यांच्यावर चुलीतली कोरडी राख टाकली. परातीतलं औषध बाटलीत भरलं.

आता माशी काही नाकाने श्वास घेत नाही. तिच्या अंगाच्या कडेला बारीक भोकं असतात. ती ओलाव्याने बुजली की माशी मेल्यासारखी पडते, आणि कोरडी राख तो ओलावा शोषून घेते. शाळेतलं कोणतंही पोर हा खेळ करून दाखवील. खंडेराव शाळेत गेला होता, एवढंच.

साहेब आला, चहा घेऊन सुपाजवळ बसला. खंडेराव औषधाचे गुण सांगत असताना राख हलली. एक माशी पाय झाडत बाहेर आली, मग दुसरी, मग बऱ्याच. थोडं झोकांडत त्या उडाल्या आणि साहेबाच्या कपावर बसल्या. गांधीलमाशी मात्र खरंच मेली होती. खंडेरावाने तीच पुढे सरकवली.

साहेबाने बाटली हुंगली. "ही ताडी आहे."

ते दारूबंदीचे दिवस होते. परवान्याशिवाय ताडी सापडली तर पोलीस येत. ताडी म्हणावी तर कोठडी, औषध म्हणावं तर माश्या जिवंत.

"औषधच आहे साहेब," खंडेराव म्हणाला. "झोपेचं."

रखमाबाई पदर तोंडाला लावून आत गेली. साहेब तपासून बघतो म्हणून बाटली घेऊन निघून गेला.

दुसऱ्या दिवशी साहेबाचा शिपाई रिकामी बाटली घेऊन दारात उभा राहिला. औषध साहेबांनी नीट तपासलंय, म्हणाला, मुकादमी मंजूर आहे, पण रोज एक बाटली पोचली पाहिजे, आणि ताजी.

छावणीतल्या माश्या होत्या तितक्याच राहिल्या. नवे मुकादम बाटली घेऊन ताडाखाली गेले.

"देवू, जरा औषध दे."

"औषध तुमच्याकडं, भाऊ," वरून देवू म्हणाला. "माज्याकडं काय हाय, ते सांगा."

खंडेरावाने आजूबाजूला पाहिलं. रखमाबाई दारातच होती.

"ताडी," तो पुटपुटला.

"ऐकू नाय आलं."

"ताडी," खंडेराव मोठ्याने म्हणाला, तेव्हा कुठे मडकं खाली आलं.