सात नंबर आणि अर्धा डबा

गुप्त लेखनात माझा हात धरेल असा अख्ख्या अंधेरीत कोणी नाही, असं १९८६ साली माझं प्रामाणिक मत होतं. पंप बनवणाऱ्या आमच्या कंपनीत कॉम्प्युटर एकच, आणि तो चालवता यायचा मला एकट्याला. त्यामुळे कामावरून कमी करायच्या माणसांची यादी कोणालाही वाचता येणार नाही अशी करून टेलेक्सने हेड ऑफिसला पाठवायचं काम साहेबांनी माझ्यावरच सोपवलं.

माझी पद्धत झकास होती. आठ-आठ आकड्यांचे डबे करायचे आणि प्रत्येक डबा आतल्या आत घुसळून काढायचा. नोकरीचा नंबर चार आकडी, म्हणजे एका डब्यात दोन माणसं.

"नंबर विषम आले तर रे?" टेलेक्सवर बसणाऱ्या नलिनीने विचारलं.

"शेवटचा डबा अर्धा राहील. भरू काहीतरी," मी म्हणालो.

यादीत सात नंबर आले. सातवा आमच्या शिपायाचा, दशरथचा. गिरणी बंद पडल्यावर मुश्किलीने इथे लागलेला माणूस. दर मे महिन्यात गावाहून माझ्यासाठी आमसुलं आणायचा. मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण गुप्त म्हणजे गुप्त! त्याच्याच हातचा चहा पीत मी त्याचा नंबर डब्यात घातला.

उरलेल्या जागेत शून्यं भरली असती तर यादी कुठे संपते ते चोरून वाचणाऱ्याला कळलं असतं. म्हणून तोंडपाठ असलेला एक नंबर भरला. माझा. माणसं एकूण किती, हेही मुद्दाम कळवलं नाही. तेवढीच गुप्तता वाढते!

आठवड्याने हेड ऑफिसकडून पाकिटं आली. आठ.

मी धावत साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, तिकडे सह्या झाल्या; आता चूक कळवली तर आधी साहेबांचीच खुर्ची जाईल. वर हेड ऑफिसने शाबासकी दिली होती, प्रत्येक आकडा बिनचूक पोचला म्हणून.

फाटकाशी दशरथ उभा होता. माझ्या हातातलं पाकीट बघून स्वतःचं विसरला.

"साहेब, तुमका कित्याक काढल्यानी?"

"डबा अर्धा राहत होता," मी म्हणालो.

त्याला काही कळलं नाही. त्याने माझी पिशवी घेतली आणि जोगेश्वरीपर्यंत माझ्यासाठी हळहळत चालत आला.

त्याचा नंबर डब्यात मीच घातला, हे मी त्याला आजतागायत सांगितलेलं नाही. आमसुलं अजून येतात.