तांडेलांची जास्तीची वायर

अर्जदार : श्री. काशिनाथ कोळी, वय वर्षे अडुसष्ट, उरणजवळील मोरा ते भाऊचा धक्का ही लाँच चालवून निवृत्त झालेले तांडेल, हल्ली मुक्काम पनवेल.
जिच्याकरिता अर्ज : सौ. यसूबाई, अर्जदाराची पत्नी.
घटनेचा काळ : सन दोन हजार चौदा, दिवाळी उलटल्यानंतरची एक दुपार.
साक्षीदार क्रमांक एक : प्रस्तुत लेखक, अर्जदाराचा शेजारी, तहसील कचेरीबाहेर बावीस वर्षे अर्ज लिहिणारा.
साक्षीदार क्रमांक दोन : अर्जदाराचा टीव्ही. हा खोटे बोलला.

तांडेल कोणतीही विजेची वस्तू आधी तळहातावर तोलत, मग नाकाशी नेऊन तिचा वास घेत आणि त्यानंतर दुकानदाराला एकच प्रश्न विचारत, "तुटल्यावर काय?" त्यांना घरासाठी कॅमेरे घ्यायचे होते. कॅमेरे एका दिवसात ठरले. परंतु त्या कॅमेऱ्यांच्या तारा एकत्र करणारी जी डबी असते, जिला दुकानदार स्विच म्हणतात, ती निवडण्यात सहा महिने गेले. पनवेलच्या बाजारातील एकही दुकान त्यांनी सोडले नाही. सोबत मी असे. कारण कागदावरची बारीक अक्षरे वाचण्यास जाणकार मनुष्य हवा.

"काका, बिनतारी घ्या ना. वायरची कटकटच नाही," दुकानदार म्हणाला.

"हवेवर? हवा फिरते रे बाबा. आमी चाळीस वर्सं तिच्याशी भांडलोय."

"मग हा घ्या. एकाच वायरमधून करंट पण जातो आणि चित्र पण येतं."

तांडेलांनी माझ्याकडे पाहिले. "रायटर, बघा याला! पानी आन् डिझेल एकाच पायपातून देतोय!"

प्लॅस्टिकची डबी त्यांनी हलकी म्हणून नाकारली, चिनी डबी वासावरून नाकारली. शेवटी लोखंडी खोक्यातील दोन डब्या पसंत पडल्या: एक ओटीवर, दुसरी आतल्या खोलीत टीव्हीपाशी, आणि दोहोंमध्ये एक वायर. दुकानदाराने बजावले, "काका, एकच वायर टाका हां." तांडेलांनी मान डोलावली.

वाचकांस वाटेल, म्हातारा चोरांना भितो. त्या घरात चोराने नेण्यासारखे काहीही नाही. यसूबाईंना दोन वर्षांपासून विस्मरण जडले आहे. त्या ओटीवर बसलेल्या असतात आणि बघता बघता फाटक उघडून एस.टी. स्टँडची वाट धरतात. एकदा त्या रस्त्याच्या मधोमध, ट्रकसमोर उभ्या सापडल्या होत्या. त्या फाटकापाशी पोचण्याआधी कळावे, एवढ्याकरिता हा सारा खटाटोप.

मी सुचवले, "कुलूप लावा."

"माणसाला कुलूप? नाय."

"मग स्वतः ओटीवर बसा."

यावर तांडेलांनी डबीचा कागद माझ्या हाती दिला आणि बारीक अक्षरे पुन्हा वाचायला सांगितली.

कॅमेरे लागले आणि पंधरा दिवस उत्तम चालले. परंतु चाळीस वर्षे लाँच धक्क्याला बांधणाऱ्या मनुष्यास एका दोरावर स्वस्थता लाभत नाही. पुढून एक, मागून एक, आणि वर एक फाजील, ही त्यांची रीत. त्या दुपारी त्यांनी त्याच दोन डब्यांमध्ये दुसरी वायर ओढली. पहिली तुटली तर असावी म्हणून. मी स्टुलाला धरून उभा होतो, हे मी नाकारीत नाही.

वायर बसताच दोन्ही डब्यांवरील हिरवे दिवे वेड्यासारखे लुकलुकू लागले.

"बगा!" तांडेल हरखले. "आता दोघीपन कामाला लागल्या!"

आम्ही टीव्हीसमोर बसलो. पडद्यावर यसूबाई ओटीवर, मांडीवर सूप घेऊन सुकट निवडत होत्या. आम्ही चहा घेतला. तांडेल म्हणाले, "आज कशी शांत हाय बगा. जागची हललीपन नाय." मीही म्हणालो, की यंत्र चोख आहे. पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ होते. तेही हलत नव्हते. ते दोघांपैकी एकानेही पाहिले नाही.

मी घरी जाण्यास ओटीवर आलो, तेव्हा सूप होते, सुकट होती, यसूबाई नव्हत्या. आत पडद्यावर त्या अजूनही बसलेल्या होत्या.

दुकानदाराने नंतर सांगितले की, त्या दुसऱ्या वायरीमुळे संदेश दोन डब्यांमध्ये गोल गोल फिरत राहिले, त्यात सारे तुंबले आणि चित्र गोठले. यंत्र सुस्थितीत होते. चूक आमची होती.

यसूबाई स्टँडवर, उरणच्या गाड्या लागतात तेथे, खांबाला टेकून उभ्या होत्या. तांडेल धावत पुढे गेले आणि अचानक थांबले. मला म्हणाले, "तुमी जा, रायटर. मना बगून ओरडंल. घरात पन तसंच. बोलते, हा परका म्हातारा माज्या ओटीवर कशाला बसलाय?"

मी गेलो. त्यांनी मला विचारले, "भाऊ, आमच्या मालकांची लाँच लागली काय मोऱ्याला?"

बावीस वर्षांत इतका अवघड प्रश्न मला कोणीही विचारलेला नाही. मी म्हणालो, "लागली. मालक घरी गेले." त्या लगबगीने निघाल्या. त्यांच्यामागून वीस पावलांवर मालक चालत होते.

दुसऱ्या दिवशी मी दुकानदाराविरुद्ध कडक फिर्याद लिहून आणली. तांडेलांनी ती फाडली. "त्यो बिचारा बोल्ला होता, एकच टाका. दुसरा अर्ज लिवा." तो खालीलप्रमाणे लिहून मी स्टँडवर दिला आहे. सरकारी उत्तरास वेळ लागतो, हे मी जाणतो. म्हणून येथेही देतो.

सबब, उरणच्या गाडीची वाट पाहणाऱ्या सर्वांस नम्र विनंती की, हिरव्या लुगड्यातील एक बाई लाँचची चौकशी करील. लाँच चालवणारा आता म्हातारा झाला आहे, असे तिला सांगू नये. तिला सावलीत बसवावे, पाणी द्यावे व अर्जदारास कळवावे. अर्जदार ताबडतोब येईल. तो जवळ न येता लांब उभा राहिल्यास त्याच्यावर संशय घेऊ नये. वाट पाहून ती कंटाळते, रडते, की मालकांना नावे ठेवते, एवढे तरी अर्जदारास लेखी कळवण्याची कृपा व्हावी, ही विनंती.