दामूकाकांचे दोन पट्टे

"मी इथं रंग लावून नाही राहिलो भाऊ, परीक्षा देऊन राहिलो," पेंटर फोनवर कुणाला तरी सांगत होता. मी दारातच थांबले. शेजारच्या दामूकाकांनी मला आज पुन्हा बोलावलं होतं.

काकांनी जन्मभर सौंसरच्या मंडीत कापसाची प्रत ठरवली. ते रिटायर झाले, त्यांची नजर झाली नाही. खालच्या खोलीच्या भिंतीवर त्यांनी दोन पट्टे मारून घेतले होते, एक फिका पिवळा आणि एक फिका हिरवा. अकरा दिवस झाले तरी निकाल लागत नव्हता.

नियम कापसाचेच. सकाळच्या उजेडातच पाहायचं, ऊन पाठीशी. दूधवाला, मीटर पाहणारा, संत्र्याचा बगीचा पाहायला आलेला व्यापारी, सगळ्यांना चपला काढून भिंतीसमोर उभं केलं जाई. कोणी वाहवा करू लागला की काका हात वर करत. "तारीफ नको. खोट सांग." स्वतः ते डब्यातला ओला रंग चिमटीत धरून, धागा ओढावा तसा ओढून पाहत. एक अंगठा कायम पिवळा, दुसरा हिरवा.

मी दर वेळी म्हणायचे, "दोन्ही छान आहेत."

"दोन्ही छान म्हणणारा आमच्या मंडीत अर्धा दिवस नाही टिकत, बेटा."

खोली काकूंसाठी होती. शुगरमुळे त्यांची नजर जात चालली होती. नागपूरला दोनदा लेझर झालं. डॉक्टर काय म्हणाले ते सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. पटलं नव्हतं ते फक्त काकांना. "वरची खोली भुरकी हाये, म्हणून तिले दिसत नाही. बराबर रंग भेटला की दिसते मंग."

आज त्यांनी काकूंना हात धरून आणलं, पट्ट्यांसमोर उभं केलं आणि ते खिडकी उघडायला गेले. तेवढ्यात काकू जराशा फिरल्या. कोऱ्या भिंतीकडे तोंड करून त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"अजी, हा हिरवा मस्त दिसून राहिला."

पेंटर खाली पाहू लागला. काकांनी खिडकीशी वळून हे पाहिलं होतं.

"हिरवा," ते शेवटी पेंटरला म्हणाले. "लाव."

पेंटरनं ब्रश उचलला नाही. काकू त्या कोऱ्या भिंतीकडे पाहून हसत होत्या, आणि कोणीतरी काहीतरी म्हणेल म्हणून वाट पाहत होत्या.

"काकू," मी म्हणाले, "पट्टे इकडे आहेत. हात द्या, मी दाखवते."