थोरल्या साडूनें सोन्याचें घड्याळ नकली ठरविलें त्याची हकीकत

राव आणि रंक दोघांसही जो एकच वेळ दाखवितो त्या काळपुरुषाचे पायीं माथा ठेवून लिहिणें आरंभिलें ऐसें जे. शके अठराशें साठ, बहुधान्य नाम संवत्सर, ते समयीं एका राज्यांत, ज्याचें नांव घेण्याचें प्रयोजन नाहीं, येसाजीराव घारे म्हणून सरकारी धान्यकोठीचे कारभारी होते. कुळ चांगलें, काम चोख, बोलणें गोड. एक मत्सर तेवढा पोटांत होता, आणि तोही परक्याचा नव्हे, आपल्या साडूचा. साडूंचें नांव सर्जेराव मोहोळकर. येसाजीरावांची स्त्री सगुणाबाई थोरली बहीण आणि सर्जेरावांची स्त्री मैनाबाई धाकटी. सासऱ्यांनीं दोघां जांवयांस लग्नांत एकसारखीं पोलादी मनगटी घड्याळें दिलीं होतीं. रोज सकाळीं किल्ली द्यावी, वर्षाकांठीं उघडून तेलपाणी करावें, म्हणजे तीं मुकाट चालत. आणि तोंवर दोघां साडूंचेंही मुकाट चालत होतें.

मग ऐसें जाहलें कीं महाराजांनीं सर्जेरावांस वकील नेमून समुद्रापार धाडिलें, आणि येतांना उत्तम घड्याळें आणावीं ऐसी आज्ञा केली. सर्जेराव वर्षानें परतले ते दोन सोन्याचीं घड्याळें घेऊन आले. महाराज संतोषले, आणि एक आपण ठेवून दुसरें भर दरबारीं आपले हातें सर्जेरावांचे मनगटीं बांधिलें. सर्जेराव मोकळ्या मनाचे, त्यांस आनंद लपवितां येईना. म्हणाले, "यास किल्ली देणें नाहीं. आपलें आपण चालतें." कोणी पुसिलें, "तें कैसें?" तर हंसून म्हणाले, "तें विलायतेचे लोक जाणोत! आम्हीं वेळ पाहावी."

तेव्हांपासून येसाजीरावांस चैन पडेना. दरबारांत वेळ पुसावयाची तर लोक त्यांस ओलांडून सर्जेरावांस पुसूं लागले. सर्जेराव घरीं जेवावयास आले आणि लोणचें घेण्यास हात पुढें केला, तों अंगरख्याची बाही मागें सरली आणि सोनें चमकलें. येसाजीरावांस वाटलें, मुद्दामच सारिली. सगुणाबाई भाबडेपणें म्हणाल्या, "मैनीच्या घरच्यांस शोभतें हो घड्याळ!" मग येसाजीराव आपलें पोलादी घड्याळ बाहीखालीं झांकून बसूं लागले, आणि कोणीं वेळ पुसलीच तर, "ऊन पाहा कीं," म्हणत.

पुढें बाबूमियां घड्याळजी, जे दर साल गांवोगांव फिरत येत, ते आले. येसाजीरावांनीं आपलें घड्याळ तेलपाण्यास दिलें आणि सहज म्हणून पुसिलें, "किल्लीवांचून घड्याळ चालतें म्हणतात, तें खरें काय?" बाबूमियां म्हणाले, "खरें, राव. आंत एक वजन असतें. हात हलला कीं तें फिरतें आणि किल्ली आपोआप भरते. उतरून दोन दिवस ठेवा, थांबेल. हातांत घाला, चालेल." ऐसें सांगून ते पुढले मुलखास गेले, आणि हें वर्म राज्यांत एका येसाजीरावांस तेवढें ठाऊक राहिलें.

त्यानंतर सर्जेरावांस विषमज्वर जाहला. शुद्ध नाहीं, हात अंथरुणावर पडलेला, घड्याळ तैसेंच हातावर, काढावें ऐसें कोणास सुचलें नाहीं. येसाजीराव समाचारास गेले, तों कांटे थांबलेले दिसले. साडू तापानें कण्हत असतां यांचे मनांत गार वारा वाहिला! तेथून निघाले ते थेट दरबारीं गेले आणि हळूच म्हणाले, "मी कांहीं म्हणत नाहीं. साडू माझे. परंतु घड्याळ बंद पडलें आहे." महाराजांनीं आपलें घड्याळ पेटींतून काढविलें, तों तेंही बंद! कारण तें जपून ठेविलेलें. मग जवाहिऱ्यास बोलाविलें. तो सोन्याचा जाणता, यंत्राचा नव्हे. घड्याळ हातीं घेऊन हलवावें तों थोडें चाले, आणि पेटींत ठेवावें तों सकाळीं पुनः थांबलेलें. तेव्हां सोनें कसास न लावितांच जवाहिऱ्या म्हणाला, "सोनें वरवरचें दिसतें, आणि हें घड्याळ नव्हे, खेळणें आहे." महाराजांचा क्रोध अनावर जाहला कीं वकिलानें सरकारचे पैशानें अस्सल म्हणून नकली माल आणिला. येसाजीराव तेथें उभे होते. एक वाक्य बोलते तर निवाडा फिरता. ते खालीं पाहत राहिले.

सर्जेराव उठून बसूं लागले तों वकिली गेली होती, घड्याळ हातावरून उतरविलें होतें, आणि नदीपलीकडे आपले गांवीं निघून जावें ऐसी आज्ञा आली. मैनाबाई येसाजीरावांचे दारीं आल्या आणि पदर पसरून म्हणाल्या, "दाजी, आपण थोरले. आमचे घरच्यांनीं लबाडी केली नाहीं, हें आपण तरी जाणतां. दरबारीं दोन शब्द बोला." येसाजीराव म्हणाले, "सरकारचा निवाडा जाहला, मी काय बोलूं?" आणि आंत गेले. मैनाबाई उंबऱ्यांतच रडल्या आणि मग आजारी नवऱ्यास गाडींत घालून गांवीं गेल्या.

इकडे महाराजांनीं सर्जेरावांचें घड्याळ मोडींत काढा म्हणून फर्माविलें, तेव्हां येसाजीराव हात जोडून म्हणाले, "मोडींतच जावयाचें तर सेवकास द्यावें." महाराजांनीं दिलें. मग काय पुसतां! येसाजीरावांनीं तें बांधिलें, हात हलवीत चालूं लागले, आणि घड्याळ सुरेख चाललें. परंतु लोक वेळ पुसेनात. उलट हंसूं लागले. "कोठीवाल्यांनीं साडूचें खेळणें घातलें," म्हणूं लागले. जें साडूचे हातीं असतां सारा दरबार मान वळवून पाही, तेंच आपले हातीं येतांच पितळ ठरलें, हें येसाजीरावांस सोसेना. अस्सल आहे म्हणावें तर आपण बुडतों, नकली म्हणावें तर घालतों कशास? ऐसे वणव्यांत महिने गेले.

पाडव्याचे दरबारीं पागेचे सरदार हैबतराव मोठ्यानें म्हणाले, "येसाजीराव, वेळ सांगा. आणि खोटीच सांगा, घड्याळाचा मान राहील!" सारे हंसले. महाराजही हंसले. तेव्हां येसाजीरावांचा तोल गेला आणि ते ओरडले, "खोटें कोणास म्हणतां? अस्सल आहे हें! हात हलतां चालतें, हात निजतां थांबतें. साडू तापांत पडले म्हणून थांबलें, सरकारचें पेटींत पडलें म्हणून थांबलें. मला पहिल्यापासून ठाऊक आहे!" बोलले आणि मग आपण काय बोललों तें त्यांस कळलें. महाराजांनीं पेटींतलें घड्याळ आणवून आपले मनगटीं बांधिलें, आणि सदरेवर येरझारा घातल्या. घड्याळ चाललें, आणि दरबार उठेतों चालतच राहिलें. महाराज म्हणाले, "पहिल्यापासून ठाऊक होतें, तर तेव्हां बोललां कां नाहीं?"

घरीं वार्ता आधींच पोंचली होती. सगुणाबाईंनीं इतकेंच पुसिलें, "मैना उंबऱ्यांत रडत होती, तेव्हांही आपणांस ठाऊक होतें?" मग सगुणाबाई शाल पांघरून नदीपलीकडे बहिणीकडे गेल्या.

सर्जेरावांस मानानें बोलाविलें, वकिली परत दिली, आणि येसाजीरावांची कोठी काढून आज्ञा जाहली कीं घड्याळ आपले हातें साडूस बांधावें. येसाजीराव बांधूं लागले, तों पट्टा शेवटल्या छिद्रास लाविला तरी ढिला. दुखण्यानें आणि अपमानानें सर्जेरावांचें मनगट काठी जाहलें होतें. मग टोच्या मागवून येसाजीरावांनीं चामड्यास नवें छिद्र पाडिलें. सर्जेराव हळू आवाजांत म्हणाले, "साडूबुवा, इतकें आवडलें होतें तर मागावयाचें. मी दिलें असतें." येसाजीरावांनीं वर पाहिलें. साडूचे तोंडावर टोमणा नव्हता. खरोखरच दिलें असतें. आणि आपण तैसें कधीं दिलें नसतें, हेंही त्यांस उमगलें. घड्याळ गेलें त्याचें दुःख फार नाहीं जाहलें. परंतु त्या क्षणीं त्यांस साडूचा पहिल्याहून अधिक हेवा वाटला.

एवढा मजकूर घडला. सगुणाबाई पुढें परत आल्या, परंतु बहिणी एकत्र बसल्या कीं येसाजीराव ओसरीवर जाऊन बसत. सोन्याची पारख जवाहिऱ्यास जाहली नाहीं. साडूची पारख येसाजीरावांस जाहली, ती उशिरा जाहली. जैसें घडलें तैसें लिहिलें. इति.