चहा म्हणजे पाणीच की!

नवऱ्याचं एखादं मत खोडून काढायला मला फार तर एक दुपार पुरते. सेंट्रल कॉलेजातून रसायनशास्त्र घेऊन बी. एस्सी. झाले ती काय उगाच? पण आमच्या ह्यांचं एक मत लग्नाला सहा वर्षं होऊनही स्वयंपाकघरातल्या दगडी रगड्यासारखं जागचं हललं नव्हतं. ते मत असं : चहा म्हणजे पाणीच!

आमच्या बंगळूरची सगळी बसवनगुडी कॉफी पिते. हे मात्र पुण्याला शिकायला गेले आणि पदवीबरोबर चहा घेऊन आले. उन्हातून आले की चहा, जेवण झालं की चहा, डोकेदुखीची गोळी गिळायलाही चहाच!

"अहो, घोटभर पाणी प्या की!"

"मग हे काय पितोय? पाणीच आहे. उकळलेलं, रंगवलेलं!"

मोठ्या माणसापुढे कोण डोकं फोडणार? मी सोडून दिलं होतं. पण चार वर्षांच्या सुधीनं एक दिवस तांब्या ढकलला आणि म्हणाला, "मला पण रंगवलेलं पाणी!" तेव्हा मात्र माझं धाबं दणाणलं.

त्यात एप्रिलचा महिना. सुधीचे ओठ सुकले की माझा घसा सुकतो. मी त्याची जीभ बघायची, डोळे बघायची, नखं बघायची. शेवटी त्याला उचलून डॉक्टर हयवदनरावांकडे नेलं. हेही आले, आपली बाजू मांडायला!

"मोठ्या माणसाचं चहावर बऱ्यापैकी भागतं हो," डॉक्टर म्हणाले. "शेवटी पोटात पाणीच जातं ना!"

ह्यांची छाती पुरीसारखी टम्म फुगली.

"पण एवढ्याशा पोराला चहा कशाला? त्याला साधं पाणी द्या. असाच सुकत गेला तर सुई टोचून पाणी आत घालावं लागेल."

सुई! पुरीतली हवा गेली.

तेव्हापासून मी तांब्या घेऊन घरभर सुधीच्या मागे. गुळाचा खडा दाखवला, विमान आणून देईन म्हटलं, रडूनही पाहिलं. तांब्या दिसला की पोरगं तोंड असं मिटायचं, जणू आत मोती ठेवलाय!

मग रविवारी मी माझी विद्या बाहेर काढली. साखर काळीभोर होईपर्यंत जाळली आणि तिचे चार थेंब कोमट पाण्यात सोडले. काय रंग उतरला म्हणता! एखाद्या चहाच्या मळ्यानं मला दत्तक घेतलं असतं! ते पाणी केटलीत भरून पडवीतल्या टेबलावर ठेवलं. आधी सुधीला पाजायचं, मग त्याच्या बापाला. मनातल्या मनात मी स्वतःची पाठ थोपटली आणि उप्पिटाचा रवा भाजायला आत गेले.

तेवढ्यात ह्यांचे साहेब आले! त्रिविक्रमराव. रविवारच्या बाजारहाटाला निघाले होते, सहज डोकावले. आणि सासूबाईंनी, ज्यांना मी यातलं अक्षरही सांगितलं नव्हतं, मोठ्या अगत्यानं केटली उचलली.

मी उप्पिट घेऊन बाहेर येते तो काय! साहेबांनी एक घोट घेतला. कपात पाहिलं. केटलीकडे पाहिलं. मग सासूबाईंकडे पाहिलं.

"अक्का, हा कुठला चहा?"

"सूनबाईनं केलाय. कॉलेजात शिकलीय ती!"

"सरी, सरी, बरं. स्वल्प... हलका आहे."

ह्यांनी घाईनं आपला कप तोंडाला लावला. एकादशीला दाताखाली कांदा यावा तसा चेहरा झाला! "अहल्या, हे काय आहे?"

आता काय सांगू? धरणीमाते, पोटात घे, असं म्हणणार तोच खालून आवाज आला.

"पाणी आहे! अम्मा, अजून दे!"

सुधी! आजीनं भरून दिलेली हातातली बशी रिकामी. मी पुन्हा भरली. पुन्हा रिकामी!

"अरे लबाडा, तू पाणी पितोस?"

"बशीत आहे ना! तांब्यातलं नाकात जातं."

आमच्या घरात पाण्याच्या भांड्याला ओठ लावायचा नाही. उष्टं होतं! तांब्या वर धरायचा, मान मागे टाकायची आणि धार बरोबर घशात सोडायची. तीन वर्षं पुरी होताच सासूबाईंनी सुधीलाही तो नियम लावला होता. चिनी मातीच्या कपबशा मात्र मुळातच बाटलेल्या, म्हणून त्या पडवीत राहतात आणि त्यांना ओठ लावायची मुभा! पोराचं भांडण पाण्याशी नव्हतंच. ते होतं धारेशी! मी त्याचं सगळं तपासलं. नाक तेवढं राहिलं.

सासूबाई मात्र आपल्या लेकाकडे बघत होत्या.

"गुंड्या, तूही लहानपणी पाणी पिताना ठसकायचास. पुण्याला गेलास आणि थांबलं. तिथलं हवामान मानवलं म्हणून मी सत्यनारायण घातला रे!"

"हवामान कसलं, अक्का!" साहेब मांडीवर थाप मारून म्हणाले, "कप! कप मानवला!"

हे छताची कौलं न्याहाळू लागले. कान लालबुंद!

मी माठातलं साधं पाणी आणलं, बशीत ओतलं आणि ह्यांच्यापुढे धरलं. "घ्या. रंगवलेलं नाही."

ह्यांनी बशी तोंडाला लावली आणि एका दमात संपवली! पुन्हा पुढे केली! सासूबाईंनीही निकाल दिला, "पडवीत प्या बशीनं. आत नको." सुधीची सुई टळली, सहा वर्षांचं मत कोसळलं, तेही साहेबांच्या साक्षीनं! म्हैसूरच्या दसऱ्याची अंबारी माझ्यावर चढवली असती तरी मान लवली नसती.

"पण धार जमणं कठीणच असतं हं," हे पुटपुटले.

"त्यात कठीण काय? बघा!"

एरवी मी वीतभर अंतरावरून पिते. त्या दिवशी तांब्या हातभर उंच धरला, मान मागे टाकली आणि ऐटीत धार सोडली.

सरळ नाकात! असा ठसका लागला की डोळे पांढरे झाले, आणि मग जी शिंक आली ती थेट त्रिविक्रमरावांच्या इस्त्रीच्या कोटावर!

साहेब रुमालानं कोट पुसू लागले. सुधी तेवढा उठला आणि आपली बशी सांभाळत माझ्यापाशी आला.

"अम्मा, यातलं पी. आधी फुंकर घाल."

घातली. काय करते!