बिनडोळ्यांचा गणपती

चित्रकोडी सोडवण्यात आपला हात धरणारं अख्ख्या पेणमध्ये कुणी नाही, अशी प्रतिक्षाची ठाम समजूत होती. बी.एस्सी. झालेली बाई! रविवारच्या पुरवणीतल्या दोन चित्रांमधले दहा फरक ती चहा निवायच्या आत ओळखायची आणि अकरावा शोधून संपादकांना कळवायची.

त्यातूनच घरात तो खेळ सुरू झाला. नवरा निकेश रविवारी चित्रं काढून घरात लपवायचा. एक चित्र सुटलं की पुढच्याची जागा कळायची आणि शेवटी खजिना. चार वर्षांच्या मनस्वीची बुद्धी तल्लख व्हावी म्हणून! प्रत्यक्षात मनस्वी खजिन्यातली गोळी खायची आणि कोडी सोडवायची तिची आई.

त्या जूनमधल्या रविवारी निकेशला रोह्याच्या कंपनीत अचानक शिफ्ट लागली. पहाटेच तो चित्रं लपवून गेला. पहिल्या चित्राखाली खरडलं होतं, 'आजचा खजिना : मनूची चिंधी!'

प्रतिक्षाने ती ओळ दोनदा वाचली. चिंधी म्हणजे आजीच्या लुगड्याचा मऊसूत तुकडा. तो गालाला लावल्याशिवाय मनस्वी झोपत नसे. आणि उद्या बालवाडीचा पहिला दिवस! चिंधी नाही तर झोप नाही, झोप नाही तर वर्गात भोकाड, भोकाड पसरलं की बाई म्हणणार पुढच्या वर्षी आणा, म्हणजे वर्ष वाया, म्हणजे मॅट्रिक... प्रतिक्षाची काळजी एकदा सुटली की हायवेवरच्या ट्रकसारखी, मध्ये कुठे थांबायचीच नाही.

पहिलं चित्र माठाचं. माठाखाली दुसरं, चपलेचं. चपलेत तिसरं.

तिसरं बघून ती हसलीच. भलंमोठं पोट, सुपाएवढे कान, एका अंगाने लोंबणारी सोंड, पायाशी चिमुकला उंदीर. पेणमधलं शेंबडं पोरही सांगेल!

"गणपती! आणि मने, बघ, डोळेच नाहीत. म्हणजे डोळ्यांची आखणी व्हायचीय. म्हणजे कच्ची मूर्ती. म्हणजे कान्हूभाऊंचा कारखाना!"

"आई, पण..." मनस्वीने चित्रातल्या उंदरावर बोट ठेवलं.

"पण नाही नि बिण नाही. चल!"

तिने पिशवी खांद्याला अडकवली. ही पिशवी घेतल्याशिवाय ती नळावरसुद्धा जात नसे. पाण्याची बाटली, लिंबू, टॉर्च, जास्तीचा फ्रॉक, खोबरेल तेल आणि तळाशी मलमपट्टीचा पत्र्याचा डबा. वेळ काय सांगून येते?

शेजारच्या कारखान्यात कान्हूभाऊ पेंढ्यात मूर्ती बांधत होते.

"निकेश आले होते का हो सकाळी?"

"आल्ते की. त्या कोपऱ्यातल्या मूर्तीपाशी उभं ऱ्हाऊन चाय प्याले."

"कुठल्या मूर्तीपाशी?"

"ती गेली! सकाळच्याच टेम्पोनं. रोह्याला, पुंडलिक पेंटरकडं."

कान्हूभाऊंची बायको ठमाबाई आतून म्हणाली, "काय हरवलं गो? एवढी घामाघूम झालीस ती?"

"चिंधी!"

ठमाबाईने तिच्याकडे असं बघितलं, की बाईला पाणी द्यावं की वैद्य बोलवावा!

प्रतिक्षाने बूथवरून कंपनीत फोन लावला. वॉचमन म्हणाला, "साहेब प्लँटमध्ये हायेत." तिने निरोप ठेवला, पुंडलिक पेंटरकडे ताबडतोब या! आणि मनस्वीला काखोटीला मारून रोहा एसटी पकडली.

वडखळ नाक्यावर गाडी रुतून बसली. प्रतिक्षा सीटवर अशी चुळबुळत होती, जणू खाली मुंग्यांचं वारूळ होतं. पेंटरने मूर्तीला पहिला हात मारला तर? चिंधी रंगली तर? गडबजवळ पुढच्या म्हातारीला मळमळलं. प्रतिक्षाने पिशवीच्या कप्प्यातलं लिंबू काढून दिलं.

"सगळं बरोबर ठेवतेस गो," म्हातारी म्हणाली.

"आईला ठेवावंच लागतं!" प्रतिक्षा म्हणाली. पुन्हा चुळबुळ सुरू.

पुंडलिकच्या शेडमध्ये पांढऱ्याफेक मूर्ती ओळीने आडव्या. सगळे बाप्पा सारखे, सगळे बिनडोळ्यांचे!

"मूर्तीच्या पोटात चिंधी?" पुंडलिक डोकं खाजवत म्हणाला. "बघा बाय, पण हळू. ऑर्डरीचा माल हाय."

प्रतिक्षाने बुडाच्या भोकातून पहिल्या मूर्तीत हात घातला. नाही. दुसरी, तिसरी... आणि एकीत हाताला मऊ लागलं!

"सापडली!" तिने मूठ आवळली. हात ओढला. येईना!

"सोडा ते! काथ्या हाय तो!" पुंडलिक ओरडला. "प्लास्टरला धरून ठेवाया आम्हीच घालतो."

"काथ्या नाही, लुगडं आहे!"

"बाय, मी काय बाप्पाला लुगडं नेसवतो?"

मूठ सोडली तर चिंधी जाणार, न सोडली तर हात. शेवटी मनगट खरचटलं, बांगड्या कडकडा वाजल्या आणि मूठभर काथ्यासकट हात बाहेर आला. त्यावर रक्ताचा थेंब दिसताच मनस्वीने जे भोकाड पसरलं, ते उद्या शाळेत पसरणार होती त्याची रंगीत तालीमच!

"रडू नको मने, पिशवीतला डबा काढ. मलम आहे त्यात."

मनस्वीने हुंदके देत डबा उघडला. वर मलम नव्हतंच. वर चिंधी होती! गालाला लावली, आणि पोर तिथेच पेंढ्यावर क्षणात झोपी गेली.

तेवढ्यात निकेश धापा टाकत आला. "काय झालं? कुणाला लागलं?"

प्रतिक्षाने चित्र त्याच्या नाकासमोर नाचवलं. "हा गणपती..."

"गणपती? अगं, ही तू आहेस!"

 पुंडलिकने तोंड फिरवलं, पण त्याचे खांदे हलत होते.

"मी?"

"ही तुझी वेणी. हे झुमके. ही पायाशी मनू, तिच्या दोन शेंड्या."

"आणि हे पोट?"

"पोट नाही, पिशवी! तू ती सोडत नाहीस म्हणून तर चिंधी तिच्यातच ठेवली."

"मग डोळे कुठेत माझे?"

"मला डोळे काढता येत नाहीत," निकेश पुटपुटला.

परतीच्या गाडीत प्रतिक्षा वेणी पदराखाली लपवून बसली. मनस्वी मात्र ढाराढूर झोपली, रात्रीही झोपली आणि सकाळी हसतखेळत बालवाडीत गेली. प्रतिक्षा खिडकीबाहेर उभी राहून पाहत होती. सगळं कसं छान चाललं होतं.

बाईंनी भिंतीवरचं गणपतीचं चित्र दाखवलं. "मुलांनो, हे कोण?"

"बाप्पाऽऽ!" सगळी पोरं ओरडली.

"नाय!" मनस्वी उभी राहिली. "ती माझी आई. आणि तो उंदीर मी!"

बाईंनी खिडकीकडे पाहिलं. प्रतिक्षाने नकळत पिशवी पोटावरून पाठीमागे सरकवली.